रॅम बदलली आणि लॅपटॉप सुरूच होईना?



घरातला जुना लॅपटॉप वसतिगृहातल्या मुलांच्या अभ्यासाला उपयोगी पडावा, म्हणून आपल्यापैकी काहीजण तो देण्याआधी त्याची रॅम वाढवतात किंवा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतात. पण कधीकधी झाकण लावून बटण दाबले, तर काहीच होत नाही. मग मदरबोर्ड जळला असे समजून लॅपटॉप भंगारात जातो आणि कुणा मुलाचा संगणक हुकतो. थोडे थांबा. काल चालणारे यंत्र आज बंद पडले, तर दोष बहुधा आपण हात लावला तिथेच असतो.

आधी नीट पाहा. एकही दिवा लागत नाही, की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा मात्र काळाच राहतो? ही दोन दुखणी वेगळी आहेत.

दिवाच लागत नसेल, तर बहुधा वीज पोहोचत नाही. चार्जर लावून बटण दाबा; आतली बॅटरी सोडवून पुन्हा जोडली, की काही लॅपटॉप चार्जरशिवाय सुरूच होत नाहीत. तरीही फरक नाही, तर चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि बटण 30 सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज त्यामुळे निघून जाते. मग बॅटरीची पिन घट्ट बसली आहे का, बटणाची चपटी केबल सुटली नाही ना, आत एखादा स्क्रू पडला नाही ना, हे तपासा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला, तरी बोर्डाला इजा होऊ शकते.

दिवा लागतो पण पडदा काळा, तर संशय रॅमवर घ्या. नवी रॅम ओळखायला काही यंत्रांना पहिल्या वेळी दोनतीन मिनिटे लागतात. तेवढा धीर धरा. नंतर चार्जर आणि बॅटरी सोडवून रॅम काढा, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा, तिरपी सरकवा आणि दोन्ही बाजूंचे चाप 'टक्' वाजेपर्यंत खाली दाबा. जातही जुळायला हवी. डीडीआर3 आणि डीडीआर4 यांच्या खाचा वेगळ्या असतात. जोर लावू नका. डीडीआर3 दीड व्होल्टवर चालते, डीडीआर3एल 1.35 व्होल्टवरही. दोन्ही खाचेत सारख्याच बसतात, पण डीडीआर3एल मागणारे काही लॅपटॉप साध्या डीडीआर3वर सुरू होत नाहीत.

एवढे करूनही जमले नाही, तर जुने भाग होते तसे परत बसवा. लॅपटॉप सुरू झाला, तर तो शाबूत आहे. नवा भाग सदोष किंवा न जुळणारा आहे, तो बदलून घ्या. म्हणूनच काम तडीस जाईपर्यंत जुनी रॅम टाकू नका आणि एका वेळी एकच भाग बदला. जुन्या भागांवरही सुरू झाला नाही, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि काय काय बदलले ते मोकळेपणाने सांगा. त्याचा वेळ वाचेल, आपले पैसेही.

एक सावधगिरी मात्र पाळाच: बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. ते काम जाणकाराचेच.

आणि लॅपटॉप सुरू झाला, तरी लगेच पाठवू नका. दोन दिवस घरी वापरून पाहा. दूरच्या पाड्यावर तो बंद पडला, तर दुरुस्तीसाठी तालुक्याचे गाव गाठावे लागते.