समुद्रावरची कमाई कोणत्या देशातली?

अमेरिकन विमान कंपनीचा एक वैमानिक घ्या. नागरिक अमेरिकेचा, संसार हाँगकाँगला. त्याने पगार कमावला कुठे?

आपल्या दुधनीवरून वाडीकडे जाणारा लोको पायलट थोड्याच वेळात कर्नाटकात शिरतो. पण प्राप्तिकर केंद्राचा, त्यामुळे हद्द कुठे ओलांडली हे त्याला कुणी विचारत नाही. वैमानिकाला मात्र विचारतात. परदेशात राहणाऱ्या नागरिकाला अमेरिका तिथल्या कमाईवर ठरावीक मर्यादेपर्यंत करसवलत देते. अट ही, की काम प्रत्यक्ष परक्या देशात झालेलं हवं. आणि खुला समुद्र हा देशच नव्हे! २०१३ साली हाँगकाँगला राहणाऱ्या एका विमान कर्मचारी महिलेच्या खटल्यात अमेरिकेच्या करन्यायालयाने हेच धरलं. समुद्रावरचे तास सवलतीबाहेर. वैमानिकालाही नियम तोच, म्हणजे पॅसिफिक ओलांडताना बहुतेक पगार करपात्र.

अन्याय वाटतो ना? पण ॲरिस्टॉटलने नदीतल्या नावेबद्दल असाच विचार केला होता. वाहतं पाणी ही नावेची जागा नव्हे, कारण ते हलतं; स्थिर अशी अख्खी नदी ही तिची जागा. करवाल्यांनीही हलतं विमान सोडलं आणि खालचं स्थिर तेवढं मोजलं. माझा आक्षेप इतकाच, की त्या तासांत त्याची मुलं हाँगकाँगच्याच शाळेत बसलेली असतात.