राखलेला डोह

ईशान्य बांगलादेशातल्या श्रीमंगलची ओळख चहाच्या मळ्यांची. त्या टेकड्यांवरून उतरलेलं पाणी जिथे साचतं, तो हाइल हाओर मात्र मासळीचा मुलूख आहे. पावसाळ्यात इथे सुमारे १२ हजार हेक्टरांवर पाणी पसरतं. उन्हाळ्यात ते आटत आटत जेमतेम चौथ्या हिश्शावर येतं आणि ‘बील’ म्हणतात त्या खोलगट जागांत उरतं. पुढच्या पावसात अंडी घालणारे मासेही तिथेच अडकलेले असतात. म्हणून बील ज्याच्या हाती, साऱ्या हाओरचं पुढलं साल त्याच्या हाती.

१९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, पाणवठे सरकारजमा झाले आणि ‘जलमहाल’ म्हणून ठेक्याने जाऊ लागले, बहुधा तीन वर्षांच्या मुदतीने. बोलीला रोकड लागते. ती कोळ्याकडे कुठली? ठेके पैसेवाल्यांकडे गेले आणि कोळी त्यांना पैसे मोजून जाळं टाकू लागले. मुदत सरत आली की पंप लावून बील उपसायचं आणि चिखलातली शिंगी-मागूरसुद्धा वेचून न्यायची. ठेकेदाराला लोभी म्हणणं सोपं आहे. पण तीन वर्षांच्या धन्याने चौथ्या वर्षासाठी मासे का राखावेत?

१९९८ मध्ये अमेरिकी मदतीवर सुरू झालेल्या ‘माच’ प्रकल्पाने नेमका इथेच हात घातला. गावोगावच्या कोळी-शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत समित्या झाल्या आणि काही बिलं जास्त मुदतीने त्यांच्याकडे आली. उपसा बंद, विणीच्या हंगामात मासेमारी बंद, असे नियम गावानेच घातले. २००३ मध्ये बाइक्का बील, सुमारे १०० हेक्टरांचं, मासेमारीला कायमचं बंद झालं. तळाशी काँक्रीटचे अणकुचीदार ठोकळे सोडले. माशांना आडोसा मिळाला आणि चोरून टाकलेलं जाळं फाटू लागलं. काठाने हिजल आणि करच ही पाण्यात तग धरणारी झाडं लावली. मासळी वाढली, हिवाळी बदकं थव्यांनी उतरू लागली.

आपल्याकडे महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीच्या नावाने राखले जातात. तिथे पहारा श्रद्धेचा. बाइक्क्यात पगारी रखवालदार लागतो. मला हा व्यवहारीपणा आवडतो. कारण डोह बंद झाला की कोणाच्या तरी पोटाला चिमटा बसतोच. त्यासाठी गरीब कोळ्यांना दुसऱ्या धंद्याकरता कर्जं दिली गेली आणि २००८ मध्ये प्रकल्प आवरताना समित्यांच्या खर्चासाठी ठेवीही ठेवल्या गेल्या.

टेकड्यांवरून येणारा गाळ मात्र समितीला विचारून येत नाही. हाओरच्या कडेने खासगी मत्स्यतळ्यांचे बांधही पुढे सरकत आहेत. रात्री चोरून पडलेलं जाळं रखवालदार ओढून काढू शकतो. बांध घालणाऱ्यांपुढे त्याचं काही चालत नाही.