दार उघडे, उंबरठा तसाच

इराणने सामान्य भारतीय पारपत्रधारकांना दिलेली व्हिसामाफीची सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, तिचे ठळक मथळ्यांनी स्वागत केले होते. स्थगितीची बातमी मात्र आतल्या पानावरच्या चार ओळींत आटोपली. त्या चार ओळींमागचे कारण मूळ बातमीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे होते. नोकरीचे किंवा तेथून पुढे तिसऱ्या देशात पोहोचविण्याचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना या सवलतीच्या आधारे इराणात नेले जात होते, आणि तेथे उतरल्यावर त्यांतील कित्येकांचे अपहरण होऊन घरच्यांकडे खंडणी मागितली जात होती, असे आपल्या परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाने जाहीर केले.

मूळ सवलत काय होती ते पाहण्यासारखे आहे. ती केवळ पर्यटनासाठी होती, केवळ विमानाने येणाऱ्यांसाठी होती, सहा महिन्यांतून एकदाच मिळणार होती, आणि तिची मुदत पंधरा दिवसांची असून ती वाढवून मिळणार नव्हती. म्हणजे नोकरीला तीत मुळीच जागा नव्हती. हे कोणी गुप्त ठेवलेले नव्हते. तरीही दलालाच्या तोंडचे ‘व्हिसा लागत नाही’ हे तीन शब्द ऐकून माणसे घरातले सोने गहाण ठेवून निघाली.

‘व्हिसामुक्त’ हा शब्दच थोडा फसवा आहे, असे आमचे मत आहे. तो ऐकताच दार सताड उघडल्याचा भास होतो. वस्तुतः व्हिसा म्हणजे प्रवाशाची त्याच्या घरी, वकिलातीच्या खिडकीवर आगाऊ होणारी चौकशी. व्हिसामाफीने ती चौकशी रद्द होत नाही, तिची जागा बदलते. ती विमानतळावर होते, परक्या भाषेत होते, आणि रात्रभराच्या प्रवासाने शिणलेल्या माणसासमोर दोन मिनिटांत उरकली जाते. पारपत्राची मुदत बहुतेक ठिकाणी सहा महिने शिल्लक असावी लागते. परतीचे तिकीट, राहण्याचे ठिकाण, खर्चापुरते पैसे, येण्याचे कारण यांपैकी काहीही अधिकारी विचारू शकतो, आणि समाधान न झाल्यास आल्या पावली परत पाठवू शकतो. वकिलातीने नकार दिला तर शुल्क बुडते. विमानतळावर नकार मिळाला तर तिकीट बुडते, सुट्टी बुडते, एखाद्या बंद खोलीत रात्र काढावी लागते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी कोठे प्रवेश नाकारला होता काय’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहावे लागते. गरिबाच्या दृष्टीने पाहिले तर यांतला पहिला नकारच स्वस्त म्हणायचा.

त्यातही या सवलतींची नावे एक आणि रूपे अनेक. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, जुलै २०२४ मध्ये मुक्कामाची मुदत साठ दिवसांवर नेली आणि १ मे २०२५ पासून येण्यापूर्वी संगणकावर आगमनपत्र भरणे सक्तीचे केले. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांची माफी दिली, तीही आगाऊ आगमनपत्राच्या अटीवर. केनियाने जानेवारी २०२४ मध्ये व्हिसा रद्द केल्याचे जगाला सांगितले आणि त्याच्या जागी आगाऊ घ्यावयाचा, तीस डॉलर मोजावयाचा प्रवास परवाना आणला. व्हिसा गेला आणि शुल्क राहिले! नेपाळ तर आपल्या अंगणासारखा. पण विमानाने काठमांडूला जाताना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते, आणि केवळ आधार कार्ड खिशात घालून निघालेल्या तरुणाला विमान कंपनीच्या खिडकीवरूनच परतावे लागते.

अटी न वाचल्याने सहल बुडते एवढेच असते, तर या स्तंभात त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाचे विमान थायलंडमधील मे सोत या सीमेवरच्या गावी गेले आणि २८३ भारतीयांना घेऊन आले. ही माणसे संगणकावरील चांगल्या नोकरीच्या आशेने गेलेली होती. नदीपलीकडे म्यानमारमध्ये त्यांना कोंडून ठेवून त्यांच्याकडून जगभरच्या लोकांना फसविण्याचे काम करून घेतले जात होते. या टोळ्यांचा ठरलेला रस्ता बँकॉकवरून जातो, आणि पर्यटक म्हणून तेथे उतरणे सोपे असते हेच दलालाचे भांडवल. पर्यटक म्हणून प्रवेश घेणारा त्या देशाच्या कायद्याने कामगार नसतो. त्याचा पगार बुडाला, पारपत्र हिसकावले गेले, तर तो तक्रारीला गेल्यावर आधी स्वतःच आरोपी ठरण्याचा संभव. नोकरीसाठी व्हिसा लागत नाही असे सांगणारा माणूस नोकरी देत नसतो, एवढे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता वाटेतल्या देशांविषयी. हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि आपल्या माणसांची फजिती अधिक करून येथेच होते. क्रिकेटचेच उदाहरण घेऊ. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद ही नावे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतात, आणि या तिन्ही ठिकाणी पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आगाऊ व्हिसा लागत नाही. पण तेथे जायचे कसे? नेहमीचे रस्ते लंडनवरून किंवा अमेरिकेवरून जातात. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. दोन तासांसाठी उतरणाराही तेथे प्रवेश करणाराच मानला जातो, आणि व्हिसाविना ट्रान्झिटची जुनी सवलत अमेरिकेने ऑगस्ट २००३ मध्ये बंद केली. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर पाऊल न टाकता विमान बदलायचे असले, तरी भारतीयाला सामान्यतः ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा वैध व्हिसा जवळ असल्यास काही अटींवर सूट मिळते. हीथ्रोला उतरून गॅटविकवरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर सीमा ओलांडावी लागते आणि नियम आणखी बदलतो. म्हणजे ज्या बेटाचे दार मोकळे आहे तेथे पोहोचण्यासाठी दुसऱ्याच्या दारात परवानगी मागायची. निव्वळ बेटाचा नियम वाचून तिकीट काढणाऱ्याला हे मुंबईच्या विमानतळावर कळते.

युरोपातही हेच, किंबहुना अधिक गुंतागुंतीचे. शेंगेन करारातील देशांनी आपापसातल्या सीमा मिटविल्या आहेत. त्यामुळे मुंबईहून पॅरिस, पॅरिसहून फ्रँकफर्ट आणि तेथून पुढे अशी विमाने बदलणारा प्रवासी पॅरिसलाच युरोपात शिरतो. पॅरिस ते फ्रँकफर्ट हे उड्डाण त्यांच्या हिशेबी पुणे ते नागपूर असते. तेथे ट्रान्झिटची सवलत कामाची नाही, पूर्ण व्हिसाच लागतो. जानेवारी २०२६ मध्ये जर्मन चॅन्सेलरांच्या भारतभेटीत जर्मन विमानतळांवरून पुढे जाणाऱ्या भारतीयांना ट्रान्झिट व्हिसातून मुक्त करण्याची घोषणा झाली. ती स्वागतार्ह आहे. परंतु ‘जर्मनी व्हिसामुक्त’ असा तिचा अर्थ लावणारे आम्हाला दुसऱ्याच दिवशी भेटले, म्हणून हे सांगणे आले की ही माफी विमानतळाच्या भिंतींच्या आतली आहे.

दोन वेगवेगळी तिकिटे काढून चार पैसे वाचविणाऱ्यांची गोष्ट निराळीच. एका तिकिटावरचे सामान सहसा थेट पुढे जाते. दोन तिकिटांवर ते बहुधा मध्येच घ्यावे लागते, त्यासाठी सीमा ओलांडावी लागते, आणि सीमा ओलांडायची म्हणजे व्हिसा हवा. विमान कंपनीच्या खिडकीवरची मुलगी अशा वेळी उद्धटपणे वागते असे प्रवाशांना वाटते. तिची बाजू अशी की अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर पडते, आणि युरोपात दर प्रवाशामागे हजारो युरोंचा दंडही होऊ शकतो. परक्या देशाची सीमा आजकाल दाबोळीच्या किंवा मोपाच्या त्या खिडकीपाशीच सुरू होते.

केवळ इंधन भरण्यासाठी थांबलेले विमानही यातून सुटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथून निकाराग्वाला निघालेले, ३०३ भारतीयांना नेणारे विमान फ्रान्समधील वात्री विमानतळावर उतरले आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तेथेच अडविले गेले. फ्रान्समध्ये पाय ठेवण्याचा ज्यांचा बेत नव्हता त्यांनी नाताळ त्या विमानतळावर काढला. २६ डिसेंबरला त्यांपैकी २७६ जण मुंबईला परतले. निकाराग्वाचा प्रवेश सोपा होता, यावरच तो सारा बेत उभारलेला होता.

गोमंतकात हा विषय काही नवा नाही. बोटीवर जाणाऱ्या आमच्या दर्यावर्दींना अमेरिकेचा सी-१/डी व्हिसा तोंडपाठ आहे; जहाज कोठे गाठायचे आहे आणि वाटेत कोठे उतरायचे आहे याचे हिशेब त्यांच्या घरच्या बायकाही अचूक सांगतील. आजच्या वडीलधाऱ्यांना तर १९५५ नंतरची ती वर्षेही आठवतात, जेव्हा रेल्वे तुटली होती आणि बांद्याच्या सोयऱ्याकडे किंवा बेळगावच्या दवाखान्यात जायचे तरी परवान्याचा प्रश्न उभा राहत असे. आता त्याच गोव्यातली कितीतरी कुटुंबे पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची नोंदणी करून युरोपचे पारपत्र घेतात. त्यांच्या निर्णयाची चिकित्सा हा आजचा विषय नव्हे. पण तेही पारपत्र सर्वत्र बिनअटीचे नाही. अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यावर आगाऊ संमती घ्यावी लागते, आणि २ एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही युरोपीय प्रवाशांना तशीच संमती सक्तीची केली. शिवाय परके नागरिकत्व स्वीकारताच भारताचे नागरिकत्व जाते. मग गावच्या जत्रेला येण्यासाठी भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हवे. आपला देशही या बाबतीत उदार नाही. नेपाळ, भूतान आणि मालदीव वगळता व्हिसाविना आत घेण्यात त्याचा हात आखडताच असतो, तेव्हा इतरांच्या कडकपणाविषयी फार तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो?

तक्रार करायची ती येथल्या व्यवस्थेविषयी करावी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे असे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने सांगितले. दर्यावर्दींची भरती करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. असे असता पंचायतीच्या कोपऱ्यावर एक टेबल आणि एक दूरध्वनी घेऊन बसलेला इसम दोन-दोन लाख रुपये घेतो आणि त्याला परवाना दाखव म्हणून कोणी विचारीत नाही, याला काय म्हणावे? पोलीस ठाण्याला ही माहिती नसते यावर आमचा विश्वास नाही. सरकारने परवानाधारकांची यादी प्रत्येक पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोंकणीत लावावी. पणजी, म्हापसा, मडगाव येथील प्रवास संस्थांनी तिकीट देताना वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम काय, तो कोणत्या तारखेला तपासला, हे पावतीवर लिहून खाली सही करावी. सही करायला जो कचरतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नये. आणि इराणची सवलत स्थगित झाली हे ज्या घरांतून अजून ठाऊक नसेल, त्यांनी आपला मुलगा येत्या महिन्यात कोठे निघाला आहे, ते त्याला आजच विचारावे.