गाळलेल्या जागा भरू नका!

अमेरिकेतले डॉक्टर बोलतात, साताऱ्यात बसून माझी ताई ते ऐकून टाइप करते. मध्येच एखादा शब्द कळतच नाही. मग काय करायचं?

शाळेत मराठीच्या पेपरला एक प्रश्न हमखास असायचा, ‘गाळलेल्या जागा भरा’. आणि बाईंचं ठरलेलं वाक्य : येत नसेल तरी काहीतरी लिहा, रिकामं सोडू नका. लागला तर लागला! आपण सगळे याच सवयीत वाढलो. माझ्या मावसबहिणीची, म्हणजे ताईची, नोकरी मात्र बरोब्बर उलट्या नियमावर चालते. येत नसेल तर लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची.

ताई मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट आहे. बीएस्सी झाली, पुण्यात कोर्स केला, तिथेच एका कंपनीत लागली आणि लग्नानंतर आता साताऱ्यातून घरून काम करते. कानाला हेडफोन आणि टेबलाखाली एक पेडल. लांबून बघितलं तर शिलाई मशीनवर बसल्यासारखी दिसते. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेकडून दाबलं की मागे. हात कीबोर्डवरून उचलायचे नाहीत.

काम असं की, अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की सगळं बोलून रेकॉर्ड करतात. तक्रार काय, तपासणीत काय दिसलं, कुठली औषधं दिली. ती ऑडिओ फाइल इकडे येते आणि ताईसारखं कुणीतरी ती ऐकून रिपोर्ट टाइप करतं. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस, त्यामुळे डॉक्टर सकाळी येईपर्यंत कागद तयार. १९९०च्या दशकापासून हे काम भारतात यायला लागलं.

दिवाळीत तिच्याकडे गेले होते तेव्हा मी बोलून बसले, ‘‘म्हणजे टायपिंगच ना गं?’’ तिने काही न बोलता हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. (खऱ्या पेशंटची फाइल नव्हती हं. ती घरच्यांनासुद्धा ऐकवायची नसते. पेशंटच्या माहितीबाबत अमेरिकेत १९९६चा ‘हिपा’ नावाचा कायदा आहे आणि तो भलताच कडक आहे. ही तिच्या कोर्समधली सरावाची फाइल होती.)

तीन मिनिटांची फाइल. मला लागली पन्नास मिनिटं.

आणि पहिल्या चार ओळींतच मी माती खाल्ली. डॉक्टर म्हणाले, पेशंट ‘एफेब्राइल’ आहे. फेब्राइल म्हणजे ताप असलेला, एवढं मला माहीत होतं. मी इंग्रजीत ‘ए’ टाइप केला, स्पेस दिली आणि पुढे ‘फेब्राइल’. ताईने मागून हात घातला आणि ती स्पेस खोडली. ‘‘हा ‘ए’ म्हणजे आपला ‘अ’ आहे. अज्ञान, अशक्य, तसा. एफेब्राइल म्हणजे ताप नसलेला.’’ एक स्पेसबार दाबला आणि मी धडधाकट माणसाला ताप आणून ठेवला होता.

मग तिने सरळ शिकवणीच घेतली. ‘इलियम’ म्हणजे काय? लहान आतड्याचा शेवटचा भाग. आणि ‘इलियम’ म्हणजे काय? कमरेचं हाड. देवनागरीत लिहिले तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, कानालाही सारखेच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त मधलं एक अक्षर वेगळं, एकात ‘ई’ आणि दुसऱ्यात ‘आय’. डॉक्टर पोटाबद्दल बोलतायत की कमरेबद्दल, त्यावरून आपण ठरवायचं. ‘अ‍ॅबडक्शन’ म्हणजे हात किंवा पाय शरीरापासून दूर नेणं आणि ‘अ‍ॅडक्शन’ म्हणजे जवळ आणणं. हे इतकं गोंधळाचं आहे की शहाणे डॉक्टर स्वतःच ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असं फोड करून सांगतात. फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तेच. ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’ असं म्हणणारा डॉक्टर मिळाला की ताई म्हणे मनातल्या मनात त्याला नमस्कार करते.

सगळे असे नसतात. कुणी गाडी चालवत बोलतो, कुणी खात खात. कुणी जांभई देतो आणि नेमकी त्याच जांभईत औषधाचं नाव जातं. मागे पेजर वाजतो, लिफ्ट येते. त्यात उच्चार. अमेरिकन डॉक्टर ‘टी’ गिळतो, हे ठीक. पण तिकडे बाहेरच्या देशांतून गेलेले डॉक्टरही खूप आहेत. मला वाटलं, आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांचं इंग्रजी ताईला सोपं जात असेल. ती हसली. म्हणाली, त्यांना पटपट बोलायची सवय, आणि सगळ्या शब्दांवर सारखाच जोर!

तर न कळलेला शब्द पकडायचा कसा? मला वाटत होतं, परत परत ऐकून. ताईच्या मते हा सगळ्यात नवखा मार्ग. तीनदा ऐकून नाही कळला तर तो तिसाव्यांदाही कळत नाही, उलट कान हट्टाला पेटतो आणि चुकीचाच शब्द पक्का ऐकू यायला लागतो. त्यापेक्षा खूण करून पुढे जायचं. बऱ्याचदा डॉक्टर तोच शब्द दोन परिच्छेदांनंतर पुन्हा म्हणतात आणि तेव्हा तोंडात सँडविच नसतं. नाहीतर आजूबाजूला बघायचं. औषध कळत नसेल तर आजार बघायचा आणि आजार कळत नसेल तर औषधं बघायची. त्याच डॉक्टरचे जुने रिपोर्ट असतील तर तेही चाळायचे, कारण प्रत्येक डॉक्टरची ठरलेली वाक्यं असतात. वेग कमी करून ऐकायचं, कधी उलट वाढवूनही. वेग वाढवल्यावर शब्द कळतो हे मला खरं वाटलं नव्हतं, पण अडखळत, थांबत बोललेले तुकडे त्याने जोडले जातात.

आणि डिक्शनरीत शोधायचं तर स्पेलिंग यायला हवं ना! ‘टेरिजियम’ हा डोळ्यांचा आजार ‘टी’मध्ये शोधलात तर जन्मात सापडणार नाही. तो ‘पी’मध्ये आहे, न्यूमोनिया आणि सोरायसिसच्या शेजारी. तिथला पी लिहायचा असतो, बोलायचा नसतो. ताईने आपल्या वहीत अशा शब्दांची पानंच्या पानं भरली आहेत, उच्चार देवनागरीत आणि स्पेलिंग इंग्रजीत. वही इतकी जुनी झालीये की तिला चिकटपट्टीने धरून ठेवलंय.

बरं, प्रत्येक अवघड शब्द मेडिकलच असतो असंही नाही. एका बाईंच्या कमरेचं हाड मोडलं होतं. त्या कुठल्याशा ‘आय-हॉप’च्या पार्किंगमध्ये पडल्या होत्या. ताईने हाडांची पुस्तकं पालथी घातली, डोळ्यांची घातली, काही केल्या आय-हॉप सापडेना. अर्धा तास गेल्यावर टीममधल्या एकाने सांगितलं, अगं ते पॅनकेकचं हॉटेल आहे! अमेरिकेत गावोगावी असतं.

औषधांच्या नावांपाशी मात्र हसू थांबतं. सेलेब्रेक्स, सेलेक्सा, सेरेबिक्स. मोठ्याने म्हणून बघा. पहिलं सांधेदुखीचं, दुसरं डिप्रेशनचं, तिसरं फिट्सचं. लॅमिक्टल फिट्ससाठी, लॅमिसिल बुरशीच्या संसर्गासाठी. हा घोळ फक्त ताईसारख्यांच्या कानांचा नाही. अमेरिकेत ब्रिन्टेलिक्स नावाचं डिप्रेशनवरचं औषध होतं आणि ब्रिलिंटा नावाचं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचं. डॉक्टर आणि औषध दुकानदारांचाच इतका गोंधळ व्हायला लागला की २०१६मध्ये पहिल्याचं नावच बदलून ट्रिन्टेलिक्स केलं.

नेमका त्रास असा आहे की, आपल्याला शब्द ऐकू आला नाही हेच बऱ्याचदा आपल्याला कळत नाही. रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९७०चा एक प्रयोग आहे. त्याने एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापून काढला आणि तिथे खोकला टाकला. ऐकणाऱ्यांना विचारलं, काही गायब आहे का? जवळपास सगळे म्हणाले, नाही, वाक्य पूर्ण आहे, मागे कुणीतरी खोकलं एवढंच. जो आवाज तिथे नव्हताच, तो त्यांच्या मेंदूने आपल्या पदरचा घालून टाकला होता. रोज गप्पा मारताना हे फार उपयोगाचं आहे. ताईच्या खुर्चीत बसल्यावर नाही.

याची किंमत किती असू शकते, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २००८मध्ये मधुमेहाच्या एका पेशंटला हॉस्पिटलमधून दुसऱ्या सेंटरमध्ये हलवलं गेलं. सोबत डिस्चार्जचा टाइप केलेला कागद. त्यात इन्सुलिनचे ८ युनिट असायला हवे होते, टाइप झाले होते ८०. तेवढं इन्सुलिन दिलं गेलं आणि त्या बाई गेल्या. टायपिंगचं ते काम फिरत फिरत भारतात आलेलं होतं. २०१२मध्ये तिथल्या ज्युरीने कुटुंबाला १४ कोटी डॉलर भरपाई द्यायचा निकाल दिला. ताईला ही केस विचारली तर तिला ती पाठ होती. या कामात अनेकांना असते.

मग मी तिला विचारलं, ‘‘तुझं कधी चुकलंय?’’

थोडा वेळ ती पेडलशी खेळत बसली. नोकरीचं पहिलं वर्ष. फाइल स्ट्रोकच्या पेशंटची. डॉक्टरांनी एक शब्द पुटपुटला, तो ‘डिसफेजिया’ होता. या नावाचे दोन शब्द आहेत आणि ऐकायला जवळजवळ सारखे. एकाचा अर्थ गिळायला त्रास, दुसऱ्याचा अर्थ बोलायला त्रास. आणि स्ट्रोकच्या पेशंटला दोन्ही होऊ शकतं! म्हणजे संदर्भ बघा, आजार बघा ही सगळी युक्ती इथे संपली. नियमाप्रमाणे तिने जागा रिकामी सोडून वेळ टाकायला हवी होती आणि शेजारी ‘साउंड्स लाइक’, म्हणजे असं असं ऐकू येतंय, अशी टीप. पण त्या आठवड्यात तिची रिकाम्या जागांची संख्या आधीच जास्त झाली होती. टीम लीडरने सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. तिने बोलण्याचा त्रास लिहिला आणि फाइल पाठवून दिली.

तपासणाऱ्या बाईंनी ती पुन्हा ऐकली. पुढे एका वाक्यात डॉक्टर जेवण वाटून मऊ करून द्या म्हणत होते, ते ताईने ऐकलं होतं, टाइपही केलं होतं, पण जोडलं नव्हतं. त्रास गिळण्याचा होता. अशा पेशंटला नेहमीचं जेवण दिलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. चूक वेळेवर पकडली गेली, पेशंटपर्यंत काही पोचलं नाही. ताई म्हणाली, त्या दिवशी घरी जाऊन जेवताना घास उतरेना.

राग मला त्या यादीचाही येतो. पैसे मिळतात ओळीवर, आणि ओळ म्हणजे साधारण ६५ अक्षरं. एका शब्दासाठी वीस मिनिटं शोधाशोध केली तर त्या वीस मिनिटांचे पैसे शून्य. शब्द सापडला तर सात-आठ अक्षरं वाढली एवढंच. वरून जागा रिकाम्या ठेवल्या की गुण कापले जाणार. म्हणजे ‘अंदाज करू नका’ असं भिंतीवर लिहायचं आणि अंदाज करणाऱ्याला मार्क द्यायचे! शाळेतल्या आमच्या बाई तरी प्रामाणिक होत्या.

आता तर पहिली टायपिंग मशीनच करतं. सॉफ्टवेअर फाइल ऐकून मजकूर तयार करतं आणि ताई तो ऐकत ऐकत दुरुस्त करते. त्याला एडिटिंग म्हणतात आणि ओळीचा दर आधीपेक्षा कमी. मला वाटलं, निदान डोक्याला त्रास तरी कमी झाला असेल. उलटच आहे. माणसाने टाइप केलेल्या कागदावर रिकामी जागा दिसते, तिथे थांबता येतं. मशीन जागा सोडत नाही. त्याला कळलं नाही तरी ते व्यवस्थित स्पेलिंगचा, व्याकरणात बसणारा शब्द घालून मोकळं होतं. २०२४मध्ये असोसिएटेड प्रेसने बातमी दिली होती, ओपन एआयचं ‘व्हिस्पर’ हे टूल कुणीच न बोललेली वाक्यंही लिहून टाकतं. अशा टूलवर चालणारी यंत्रणा हॉस्पिटलांमध्येही वापरात आहे. ताईला त्या बातमीचं नवल वाटलं नाही. तिच्या मते चुकीचं दिसणारं चूक पकडणं सोपं, बरोबर दिसणारं चूक पकडायला डोळे मिटून ऐकावं लागतं. आणि ती खरंच डोळे मिटते, स्क्रीनकडे बघितलं की मशीनने लिहिलंय तेच ऐकू येतं म्हणून.

मी निघायच्या आदल्या रात्री ती काम करत होती आणि मी शेजारी आडवी पडून फोन बघत होते. पेडलचा आवाज एका लयीत चालला होता, मग थांबला. मागे, पुढे. मागे, पुढे. ताईने वही उघडली, मिटली. डिक्शनरी उघडली. जुने रिपोर्ट काढले. भावोजी पाण्याची बाटली ठेवून गेले, तिने बघितलंही नाही. मग कीबोर्डवर एक लांबलचक रेघ ओढल्याचा टकटक आवाज आला, वेळ टाकली आणि फाइल पुढे गेली.

‘‘काय होतं गं?’’

‘‘नाही कळलं,’’ ती म्हणाली आणि पुढची फाइल उघडली.