मृतांची नावे आणि मॉर्मन मंदिराचे प्रयोजन

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गापासून फारसे दूर नाही. या मार्गाने ठाणे जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवंगत आप्ताच्या अस्थी घेऊन नाशिकास जातात. रामकुंडावरील विधी आटोपल्यावर तीर्थोपाध्याय आपली वही उघडतो, यजमानाचे गाव व आडनाव विचारतो आणि त्या कुळातील पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे वाचून दाखवितो. नव्या मृताचे नावही तेथेच नोंदले जाते. मृतासाठी जिवंताने करावयाचा विधी आणि त्यासाठी जपून ठेवलेले नाव यांचा हा संबंध मराठी वाचकास परिचित आहे. अमेरिकेत उदय पावलेल्या मॉर्मन पंथातील मंदिराचे प्रयोजन जाणून घेण्यास तो उपयोगी पडतो. मात्र तो कोठवर पुरतो आणि कोठे अपुरा ठरतो, हेही पाहिले पाहिजे.

जोसेफ स्मिथ याने या पंथाची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. पंथाचे पहिले मंदिर ओहायो राज्यातील कर्टलंड येथे १८३६ मध्ये समर्पित झाले, आणि सुप्रसिद्ध सॉल्ट लेक मंदिर १८५३ पासून चाळीस वर्षे बांधकाम चालून १८९३ मध्ये पूर्ण झाले. तथापि ‘मंदिर’ या शब्दाने मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. तेथे मूर्ती नाही, दर्शन नाही आणि रविवारची सामुदायिक उपासनाही नाही. साप्ताहिक उपासना साध्या सभागृहात होते व तेथे कोणासही मज्जाव नसतो. मंदिर मात्र रविवारी बंद असते. समर्पणापूर्वी काही दिवस ते सर्वांना पाहता येते. त्यानंतर, आचरणाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देऊन स्थानिक अधिकाऱ्यांकडून अनुज्ञापत्र मिळविलेल्या सभासदांनाच आत प्रवेश मिळतो. ते देवदर्शनाचे स्थान नसून विशिष्ट संस्कारांचे स्थान होय.

हे संस्कार मुख्यतः तीन आहेत. पहिला, मृतांच्या वतीने घेतलेला बाप्तिस्मा; तो बारा बैलांच्या प्रतिमांवर आधारलेल्या कुंडात होतो. दुसरा ‘एन्डाउमेंट’, म्हणजे ईश्वरी देणगीचा विधी. त्यात सृष्टीची व मानवाच्या पतनाची कथा सांगितली जाते आणि सहभागी व्यक्ती ईश्वरासमोर काही वचने देते. तिसरा ‘सीलिंग’, म्हणजे मुद्रांकनाचा विधी. त्याने पती-पत्नी व आईबाप-मुले यांचे नाते मृत्यूनंतरही अबाधित राहते, अशी श्रद्धा आहे. सभासद हे संस्कार स्वतःसाठी एकदा करून घेतो. पुढे तो मंदिरात जातो तो बहुधा कोणा मृताचा प्रतिनिधी म्हणून. पुरुष पुरुषांसाठी व स्त्रिया स्त्रियांसाठी उभ्या राहतात, आणि प्रत्येक वेळी एका विशिष्ट मृताचे नाव उच्चारले जाते.

या प्रथेच्या मुळाशी ख्रिस्ती विचारातील एक जुना पेच आहे. तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक मानला, तर ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही अशा असंख्य मृतांची गती काय? स्मिथने १८४० मध्ये यावर आपले उत्तर मांडले. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृतांसाठी होणाऱ्या बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन, जिवंतांनी मृतांच्या वतीने तो घ्यावा, असे त्याने शिकविले. इतर बहुतेक ख्रिस्ती संप्रदायांना हा अर्थ मान्य नाही.

एकेका मृतासाठी संस्कार करावयाचा, तर त्याचे नाव ठाऊक हवे. म्हणूनच पंथाने १८९४ मध्ये वंशावळी संस्था स्थापन केली. १९३८ पासून जगभरच्या दप्तरांचे सूक्ष्मचित्रण सुरू झाले आणि त्या फिती सॉल्ट लेक सिटीजवळील ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या भांडारात ठेवण्यात आल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रेही याच संस्थेने घेतली. अशा रीतीने हिंदूंची तीर्थपरंपरा आणि मॉर्मनांची वंशशोधनपरंपरा यांची प्रत्यक्ष गाठ पडली.

साम्य येथवरच आहे. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह या तीन पिढ्यांचा नामगोत्रासह उच्चार होतो. त्यापलीकडचे आणि नाव न उरलेले पितर एकत्रित उदकदानाने तृप्त होतात, असे मानले जाते. विस्मरणाला तेथे जागा आहे. मॉर्मन विधीला ती सवलत नाही. त्याला प्रत्येक नाव स्वतंत्रपणे हवे असते. शिवाय श्राद्ध पितराचा धर्म बदलत नाही. उलट मॉर्मन बाप्तिस्मा मृताला एका नव्या श्रद्धेचे दार उघडून देतो. मृतात्म्यास तो संस्कार स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक आहे, असे पंथाचे प्रतिपादन आहे.

परंतु मृताच्या वंशजांना हे उत्तर पुरेसे वाटेलच असे नाही. नाझी संहारात बळी पडलेल्या ज्यूंची नावे बाप्तिस्म्याच्या यादीत आढळल्यावर तीव्र आक्षेप घेण्यात आला. जे ज्यू म्हणून मारले गेले, त्यांना मरणोत्तरही ज्यूच राहू द्यावे, अशी ती मागणी होती. १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी समझोता होऊन, सभासदांचे प्रत्यक्ष पूर्वज वगळता, अशी नावे काढण्याचे पंथाने मान्य केले. पुढेही तशी नावे आढळल्याने निर्बंध अधिक कडक करावे लागले. एकाच्या दृष्टीने जे प्रेमाचे कर्तव्य, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने स्मृतीवरील अतिक्रमण ठरू शकते, हे या वादातून स्पष्ट होते.

भारतातील पंथाच्या पहिल्या मंदिराची घोषणा १ एप्रिल २०१८ रोजी झाली आणि बंगळूर येथे २ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या बांधकामाचा प्रारंभ झाला. तेथील कार्यास नावे लागतील आणि त्यांचा शोध येथील दप्तरांतही होऊ शकेल. नाशिकच्या वहीतील नाव त्या कुळाच्या पुढील पिढीची वाट पाहत असते. मॉर्मन नोंदीतील नाव वाट पाहते ते प्रतिनिधीची, आणि हा प्रतिनिधी त्याच कुळातील असतोच असे नाही. मृतांचे नाव घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या दोन नोंदींमधील अंतरात दडलेला आहे. मॉर्मन मंदिराच्या अभ्यासकास त्याच्या वास्तूपेक्षा या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.