खांबाचा खड्डा, झाडाचा खड्डा

कुंपणाचा खांब उभा करायला नऊ इंच रुंद आणि दोन फूट खोल भोक पुरते. पण कुदळ-पहारीने नऊ इंचांचे भोक पाडता येत नाही. कुदळ मारायला हात मोकळा हवा, सुटलेली माती ओढायला खोरे खाली उतरले पाहिजे. म्हणून माणूस दीड फूट लांब, दीड फूट रुंद खणतो. अशा दोन फूट खोल खड्ड्यातून साडेचार घनफूट माती निघते. नऊ इंची गोल भोकातून निघते एक घनफुटाहून कमी. म्हणजे पाचपट माती उपसायची आणि खांब रोवला की त्यातली बहुतेक परत लोटून धुमसाने बडवायची. इतके करूनही भरलेली माती मूळच्या न हललेल्या मातीइतकी घट्ट बसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात खांब कलतो आणि तार ढिली पडते.

खड्डे खोदण्याच्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे. वेळ वाचतो, मजुरी वाचते हे सगळेच सांगतात. पण न हललेल्या मातीच्या भिंतींत खांब घट्ट बसतो, ही त्याची मोठी कमाई आहे. हे यंत्र जन्मले खांबांसाठी. महाराष्ट्रात मात्र त्याच्या वाट्याला आज खांबांच्या जोडीने झाडे आली आहेत: डाळिंब, आंबा, सीताफळ, रस्त्याकडेची आणि माळावरची वृक्षलागवड. खांबासाठी जी गोष्ट गुणाची, तीच झाडाच्या मुळांना घातक ठरू शकते. हा फरक फारसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

यंत्र आधी समजून घेऊ. ट्रॅक्टरच्या मागे जोडल्या जाणाऱ्या पोस्ट होल डिगरला एक लोखंडी कमान असते. तिच्या टोकाला गिअरबॉक्स आणि त्याखाली उभे लटकणारे आगर, म्हणजे दांड्याभोवती जिन्यासारखे फिरत गेलेले पोलादी पाते. पात्याच्या खालच्या कडेला बदलता येणारे दात आणि मधोमध जमिनीत प्रथम शिरणारे टोक. सुताराचे गिरमिट ज्या तत्त्वावर लाकूड पोखरते, त्याच तत्त्वावर हे माती पोखरते आणि वर चढवते. ताकद येते ट्रॅक्टरच्या पीटीओतून, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टमधून. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. तेवढ्या वेगाने आगर फिरले तर माती चौफेर उधळेल, म्हणून गिअरबॉक्समधले क्राऊन-पिनियन तो वेग साधारण एक तृतीयांशावर आणतात. आगर सहा इंचांपासून दोन फूट व्यासापर्यंत मिळते. एका वेळी खोली तीन फुटांच्या आसपास.

हे सगळे उचलायला आणि खाली सोडायला ट्रॅक्टरच्या मागचे तीन जोड आणि हायड्रॉलिक लागते. ही तीन जोडांची रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाची. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर शेतात पोहोचली आणि पुढे जगभर रूढ झाली. पण या रचनेत एक मेख आहे. हायड्रॉलिक यंत्र उचलते, खाली दाबत नाही. आगर जमिनीत जाते ते स्वतःच्या वजनाने आणि स्वतःच्या आट्यांनी. काम सुरळीत होणे-न होणे आणि होणारे अपघात, यांतले बरेच काही या एका गोष्टीवरून समजते.

सांगोल्याकडच्या एका माळावर मे महिन्यात हे काम जवळून पाहिले. वरची वीतभर माती सुटी, खाली मुरूम. ऑपरेटर आगर खाली सोडतो, फूटभर गेले की उचलतो, पात्यावर चढलेली माती भोकाच्या कडेने गोल सांडते, मग पुन्हा खाली. तीन-चार वेळा असे केले की भोक तयार. नवखा माणूस आगर एका दमात खाली सोडतो. मग ते स्क्रूसारखे जमिनीत रुतते आणि हायड्रॉलिकलाही उपसत नाही. तेव्हा ट्रॅक्टर बंद करून पाइप पान्याने आगर उलटे फिरवत बसावे लागते. त्या दिवशी एका भोकात गोटा लागला. खाडकन आवाज झाला, शाफ्ट फिरत राहिला, आगर थांबले. हेल्परने खिशातून नवा बोल्ट काढला, ट्रॅक्टर बंद झाल्यावर तुटलेल्याचे तुकडे ठोकून काढले आणि नवा बसवला. याला शिअर बोल्ट म्हणतात. तो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो. तो तुटला की गिअरबॉक्स वाचतो, शाफ्ट वाचतो, माणूस वाचतो. काही जण सतत तुटतो म्हणून त्याजागी हायटेन्साइल बोल्ट घालतात. तिथे दहा-वीस रुपयांची बचत होते आणि पुढच्या गोट्याला गिअरबॉक्सचे दात जातात.

मुरमात आगर शिरेना झाले की कमानीवर माणूस उभा करण्याची पद्धत सर्रास दिसते. वजन पडावे म्हणून. आगराने झटका दिला तर तो माणूस फिरत्या पात्यावरच पडणार. कमानीवर उभे राहू नये, याला कोणताही अपवाद नाही. जमीन कठीण असेल तर आदल्या संध्याकाळी पहारीने वीतभर खळगा करून त्यात पाणी सोडावे. सकाळी तोच मुरूम मऊ झालेला असतो. तरीही दात नुसते घासत राहिले तर खाली खडक आहे असे समजावे. कोकणातल्या कातळावर हे आगर चालत नाही. तिथे आंब्याच्या खड्ड्याला पूर्वी सुरुंग लावत, आता ब्रेकर लावतात.

काळ्या जमिनीची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात ती दगडासारखी, भर पावसात चिकट. ओली माती पात्याला अशी धरून बसते की आगर उचलले तरी सांडत नाही, हाताने खरवडून काढावी लागते. पेरणीसाठी आपण वापशाची वाट पाहतो, खांबाच्या भोकासाठीही तीच वेळ उत्तम. मात्र काळ्या मातीत खांब पक्का करायचा तर खोली वाढवावी लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांबाला थोडे थोडे वर ढकलते. दोन फुटांवर थांबलेला खांब इथे टिकत नाही. कोपऱ्याचे खांब, जिथे तारेचा सगळा ताण येतो, ते तर तीन फूट खाली गेलेच पाहिजेत आणि त्यांना तिरपा आधार हवाच. द्राक्षबागेत कडेच्या खांबांचे हेच. मांडवाची तार, वेलींचा भार आणि घडांचे वजन शेवटी त्यांच्यावर येते. एक कडेचा खांब हलला की सगळी ओळ खाली येते.

आता झाडांकडे. महाराष्ट्रात झाडासाठी खड्डा खणणे हे पिढ्यानपिढ्यांचे अंगमेहनतीचे काम. माती वडार समाजाने विहिरी, तळी, रस्ते यांच्यासाठी जेवढी माती हलवली तिची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे रोजगार हमीच्या कामावर माती खणत होती. वि. स. पागे यांनी पुढे रेटलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. १९९० पासून फळबाग लागवड तिला जोडली गेली आणि कोरडवाहू माळांवर बागा उभ्या राहिल्या. त्या बागांचा पाया म्हणजे मजुराने एप्रिल-मेच्या उन्हात खणलेले खड्डे. नंतर आलेल्या २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत असे म्हटले. मला ती तरतूद योग्य वाटते. ज्या गावात उन्हाळ्यात हाताला काम नाही तिथे खड्डा हीच मजुरी. पण ज्या शेतकऱ्याला माणूस मिळत नाही, पाऊस तोंडावर आहे आणि साडेसातशे रोपे बांधावर येऊन पडली आहेत, त्याने यंत्र आणले तर त्यालाही दोष देता येणार नाही. डाळिंब ४.५ बाय ३ मीटरवर लावले तर हेक्टरी साधारण ७४० झाडे होतात, आणि तेवढेच खड्डे.

आपण ज्या खड्ड्याची शिफारस ऐकत आलो तो चौकोनी असतो. डाळिंबाला ६० सेंटीमीटर लांब, रुंद, खोल. आंब्याला पारंपरिक पद्धतीत एक मीटर लांब, रुंद, खोल. दोन फुटी आगराने दोन फूट खोल भोक पाडले तर डाळिंबाच्या खड्ड्याच्या सुमारे ८० टक्के माती निघते. ठीक आहे. पण अनेकांकडे आगर असते एक फुटाचे, कारण लहान ट्रॅक्टर त्याहून मोठे ओढत नाही. एक फूट व्यासाच्या, दोन फूट खोल भोकातून निघते जेमतेम पाचवा हिस्सा. आंब्याच्या एक मीटरच्या खड्ड्याशी तुलना केली तर दोन फुटी आगराचे तीन फूट खोल भोकही पाव खड्डाच भरते. खड्डा मोठा खणायचा तो खालचा मुरूम काढून तिथे वरची चांगली माती, शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरता यावे म्हणून. झाडाची पहिली दोन-तीन वर्षे त्यावर जातात. भोक लहान झाले की ही शिदोरीच लहान होते. त्यावर उपाय आहे. एकाच जागी शेजारी शेजारी तीन-चार भोके मारायची आणि मधली माती पहारीने ढासळून एक खड्डा करायचा. यंत्राचे कष्ट आणि हाताचे कष्ट मिळून काम चांगले होते.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसते पण लक्षात येत नाही. चिकणमातीत, विशेषतः ओल असताना, फिरते पाते भोकाची भिंत घोटून गुळगुळीत करते. हात लावून पाहा, भिंत चकचकीत लागते. मातीतली सूक्ष्म छिद्रे बुजलेली असतात. खांबाला त्याचे काही नाही. पण रोपाची मुळे त्या भिंतीपर्यंत येतात, आत शिरू शकत नाहीत आणि गोल गोल फिरू लागतात. पावसाचे पाणी भोकात उतरते आणि तिथेच साचते. डाळिंबासारख्या पाणी न सोसणाऱ्या झाडाला हे फार वाईट. दोन-तीन वर्षांनी झाड खुरटते, मर येते, आणि शेतकरी रोपवाटिकेला दोष देतो.

यावर उपाय सोपा आहे. भोक पाडल्यावर पहारीने किंवा खुरप्याने भिंतीवर चारही बाजूंनी खोल उभे चरे ओढायचे, तळही पहारीने फोडायचा. काही ठिकाणी पात्याच्या बाहेरच्या कडेला लोखंडाचा एक-दोन इंची दात वेल्डिंग करून घेतात. आगर फिरताना तो भिंत ओरबाडत जातो. गावातला कोणताही वेल्डर हे करून देईल. भोके एप्रिल-मेमध्ये पाडून महिनाभर उन्हात उघडी ठेवली तर काळी माती आपोआप भेगाळते, किडीही मरतात. मात्र त्या उघड्या भोकांपासून जनावरे दूर ठेवली पाहिजेत. नऊ इंची भोकात वासराचा पाय गेला तर मोडतोच. भोक बरे झाले की नाही हे पाहायचे असेल तर संध्याकाळी त्यात एक बादली पाणी ओता. सकाळी पाणी तसेच दिसले तर तिथे रोप लावू नका, आधी तळ फोडा.

राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरली. एवढ्या प्रचंड आकड्यांच्या मोहिमांत खड्ड्यांची संख्या मोजली जाते, खड्ड्याची भिंत कोणी पाहत नाही. ती पाहिली पाहिजे.

हातात धरून चालवण्याच्या पेट्रोल यंत्रांबद्दल थोडे. डोंगरउतारावर, जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे ती खरी उपयोगाची. बहुतेकांचे इंजिन टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. काहींना लिटरला ४० मिलिलिटर, काहींना २०. पुस्तिकेत लिहिले असेल तेच प्रमाण. आगर मुळात किंवा दगडात अडकले की इंजिनाचा सगळा पिळा हँडलमधून मनगटात आणि खांद्यात येतो. चांगल्या यंत्रांत झटका बसताच आगर थांबवणारा ब्रेक असतो. एकट्याने धरायचे असेल तर तो असलेलेच घ्यावे. मोठे यंत्र दोघांनीच धरावे. दिवसभर धरल्यास कंपनाने बोटे बधिर होतात, म्हणून आळीपाळीने चालवावे.

ट्रॅक्टरच्या यंत्रात सर्वांत जीवघेणा भाग आगर नव्हे, पीटीओचा शाफ्ट. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. तीन इंची शाफ्ट एका सेकंदात जवळजवळ सात फूट कापड गुंडाळतो. पदर, ओढणी, उपरणे, ढगळ सदरा, काहीही. माणसाला ओरडायलाही तेवढा वेळ पुरत नाही. म्हणूनच शाफ्टवर प्लॅस्टिकचे नळीसारखे आवरण येते. ते तुटले की बदलत नाहीत, काही जण ग्रीस मारायला अडचण होते म्हणून काढूनच टाकतात. मळणीयंत्रात हात गमावलेल्या माणसांची संख्या वाढली तेव्हा देशाने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पीटीओच्या उघड्या शाफ्टकडे त्याच गांभीर्याने पाहायला हवे. आणि यंत्र लावण्यापूर्वी ठिबकची सबमेन आणि बोअरच्या मोटारीची केबल कुठून गेली आहे, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत, जी २०१४-१५ पासून सुरू आहे, पोस्ट होल डिगरला अनुदान मिळते. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के. कृषी विभागाने या अनुदानाला शाफ्टच्या आवरणाची अट घालावी, अवजारे बँकांच्या तपासणीत ते आहे की नाही हे पाहावे आणि फळबागेच्या प्रशिक्षणात भोकाची भिंत ओरबाडायला शिकवावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. आणि तुम्ही येत्या मे महिन्यात होल मारून घेणार असाल, तर खड्ड्यामागे दर ठरवण्याआधी शाफ्टकडे पाहा. आवरण नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.