शिखर वजा केलेली मोहीम

"ट्रेकिंग कंपन्या काढणारी माणसं मुळात कोण असतात, बघ जरा," असं संपादक म्हणाले, तेव्हा मला पुण्या-मुंबईतले दोन-चार जण आठवले. सह्याद्रीत बुटांचे जोड झिजवून झाले की नोकरी सोडायची आणि लोकांना एव्हरेस्ट बेस कॅम्पला न्यायला लागायचं, अशातले. पण हा धंदा नेपाळात पहिल्यांदा मांडला तो एका निवृत्त गुरखा अधिकाऱ्यानं. जेम्स रॉबर्ट्स, सगळ्यांचे जिमी.

हा माणूस शिखरांच्या आसपासच जास्त रमलेला. 1953 मध्ये ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला जादा ऑक्सिजन सिलिंडर पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते पोचवले, आणि जगाचे डोळे एव्हरेस्टकडे लागलेले असताना हे गृहस्थ सेन तेनसिंग या शेर्पाबरोबर मेरा पर्वतावर चढून आले. 1957 मध्ये माछापुच्छ्रेच्या मोहिमेचे ते नेते. त्यांचे दोन गिर्यारोहक माथ्याच्या जेमतेम 50 मीटर खालून परतले.

मोहिमेवरच्या गिर्यारोहकाला शिखराची घाई असते, पायथ्यापर्यंतची वाट तो उरकतो. रॉबर्ट्सना ती वाटच प्यारी. त्यांनी मोहिमेचा सरंजाम तसाच ठेवला, शिखर तेवढं वजा केलं, आणि 1964 मध्ये काठमांडूत 'माउंटन ट्रॅव्हल' काढली. 1965 मध्ये पहिली गिऱ्हाइकं आली: तीन अमेरिकन बायका. त्यांना सिरदार (म्हणजे शेर्पांचा मुकादम), स्वयंपाकी, तंबू, पहाटे तंबूच्या दारात चहा, सगळं मिळालं.

सरंजाम म्हटलं की ओझं आलं, आणि मी अडकलो तो तिथेच. डोको ही तळाशी निमुळती होत गेलेली बांबूची टोपली. ती असते पाठीवर, पण पेलतं कपाळ. नाम्लो नावाचा रुंद पट्टा टोपलीखालून येऊन कपाळावर बसतो, खांद्याला काही नाही. हातात टी अक्षरासारखी आखूड काठी, टोक्मा. दम लागला तरी ओझं खाली ठेवायचं नाही, कारण ते पुन्हा उचलण्यातच कंबर मोडते. टोक्मा मागे टेकवायचा, त्यावर डोकोचा तळ ठेवायचा आणि उभ्याउभ्या श्वास घ्यायचा. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचेला बाजाराचा माल नेणाऱ्यांची संशोधकांनी वजनं घेतली, ती 2005 मध्ये छापून आली: पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के, बायकांच्या 66. ही मंडळी सावकाश चालतात आणि घडीघडी थांबतात. आमच्या ट्रेकवर वाटेत ते थांबलेले दिसले की आम्हाला वाटायचं, दमले बिचारे. ती त्यांची रीत होती.

रॉबर्ट्सची कल्पना फार चालली, आणि तिथूनच घोळ सुरू झाला. तंबूंच्या चुली ज्युनिपर आणि गुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) लाकडावर पेटायच्या, डोंगर उघडे पडू लागले. 1976 मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे पाहुण्यांनी आपलं इंधन आपण आणावं असा नियम आला. नियम योग्यच. पण रॉकेलचे डबे चढले कुणाच्या पाठीवर? आणि ही पाठ बहुधा शेर्पाची नसते. ओझी वाहायला खालच्या डोंगरांतले राई, तामाङ, मगर येतात. विरळ हवा त्यांनाही आपल्याइतकीच बाधते, वर अंगावर पातळ जाकीट आणि पायात कसले तरी बूट. 1997 मध्ये असाच एक आजारी हमाल मेला, तेव्हा कुठे भारवाहकांच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी रॉबर्ट्स पोखऱ्यात वारले. आता बहुतेक वाटांवर लॉज झाली, तंबू आणि चुली कमी झाल्या. हमाल मात्र आहेत, कारण आमच्या बॅगा आहेत.

माझी होती 19 किलोंची. सांगितलं होतं 15. दूधकोसीवरचा उंच पूल ओलांडून नामचेची चढण सुरू झाली, तिसऱ्या-चौथ्या वळणावर आमचा हमाल, आमचा दाइ, टोक्म्यावर ओझं टेकवून उभा होता. दोन बॅगा एकावर एक, वरची माझी. मी ओशाळून तिची चेन उघडली, बेसनाचे लाडू काढून त्याच्यापुढे धरले. त्यानं दोन खाल्ले, नाम्लो कपाळावर नीट बसवला आणि हसत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी सिरदाराला विचारलं.

"बाकीचे पण तुम्हीच वाटून टाका, म्हणतो. नामचेच्या आत."